सुनेची ट्रायल
वाळूजच्या प्लास्टिक कारखान्यात मी कंत्राटावर मशीनपुढं उभी असते. लोखंडी साचा उघडला की मशीनचं दार सरकवायचं, आतलं गरम झाकण काढायचं, दार लावायचं. दार लागलं की साच्यात पुन्हा प्लास्टिक भरतं. चौथी शिकलेल्या बाईला यात अडचण नाही.

माझी सून डिप्लोमा करून तिथंच लागली, पण तात्पुरती. साहेबांनी तिला माझ्याच मशीनवर ट्रायल दिली. प्लास्टिक आत गेल्यावर साचा किती तापतो, पाणी फिरल्यावर किती निवतो, याचा हिशोब आधी मांडायचा आणि मशीनवर खरा करून दाखवायचा. जमलं तर कायम, नाही तर घरी.

मी ठरवलं, हिच्या ट्रायलला एक झाकण खराब जाऊ द्यायचं नाही. दार उघडंच ठेवून प्रत्येक झाकण उजेडाला धरायची, कडा चाचपायची, साच्यावरून फडकं फिरवायची. डबा खाताना बायकांना सांगितलंसुद्धा, सून पास होणार ती माझ्या हातामुळं. एकजण म्हणाली, "मग साहेबीण तूच हो की."

दुपारी झाकणं एका कोपऱ्यात अर्धवट भरू लागली. साच्याच्या गरमीचा आकडा पडद्यावर दिसायचा, तो सुनेच्या हिशोबाच्या खालीच जाई. तिनं पाणी तपासलं, हिशोब पुन्हा केला. साहेब हात बांधून उभे. मला वाटलं, पोरीचं गणितच कच्चं आहे. मी झाकणं आणखी निरखू लागले.

मग तिनं कागद खाली ठेवला आणि माझे हात बघत राहिली.

"आत्याबाई, दार उघडं असतंय तोवर साचा निवतोय. कधी थोडा, कधी लई. मग प्लास्टिक कोपऱ्यात पोचायच्या आतच घट्ट होतंय. मी हिशोबात काय धरू?"

सगळ्यांसमोर बोलली. बोलायलाच हवं होतं. साहेबांनी मला बाजूला करून दुसरी बाई उभी केली. ती झाकण काढी आणि लगेच दार लावी, बघत बसत नव्हती. आकडा हळूहळू चढला आणि सुनेनं सांगितला होता तिथं टिकला. झाकणं पुरी भरली.

मी रिकाम्या खोक्यावर बसून ते पाहिलं. हात कुठं ठेवावेत कळेना. साहेबांनी तिला कायम केल्याचं सांगितलं, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आजी, तुमची सून हुशार आहे." आनंद व्हायला हवा होता. माझी मान वर झाली नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये सून माझ्यासाठी जागा धरून बसली होती. मी मागं जाऊन उभी राहिले.