आप्पांच्या दुकानातला पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

आधी हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! चहा तेवढा निवू देऊ नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देशात रोज काहीतरी नवीन येत होतं, आणि चौसाळ्यात मी आलो होतो. पुण्याहून, कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन! हायवेला वैजनाथआप्पांचं कापडाचं मोठं दुकान. लग्नाचा बस्ता बांधायला तिथं लांबलांबून लोक यायचे. बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी एका गादीवर बसून अख्ख्या लग्नाचे कपडे काढणार. कोणाला साडी, कोणाला टोपी-टॉवेल, कोण कशावरून रुसलं, सगळं आप्पांच्या डोक्यात. मी म्हणालो, "आप्पा, हे सगळं कॉम्प्युटरवर करू."

"आदी दाखव," आप्पा म्हणाले. "पटलं तर घेऊ. न्हाई पटलं तर तुजा डिप्लोमा तुज्यापाशी."

माझं पहिलंवहिलं काम हो! हे हातचं गेलं तर वडील मला पिठाच्या गिरणीवर बसवायला टपलेलेच होते.

पुण्याच्या आमच्या सरांची शिकवण अशी, की प्रोग्राम लिहिण्याआधी तो कागदावर करा. माणसाला वापरू द्या. तो कुठं अडखळतो ते बघा, आणि मधे बोलू नका. गप्प म्हणजे गप्प! मी टीव्हीचं खोकं आणलं, पुढून खिडकी कापली, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसेल तो एकेक पडदा एकेका कागदावर काढला. गिऱ्हाइकानं चौकोनावर बोट ठेवलं, की मागं लपलेल्यानं पुढचा कागद सरकवायचा. मागं बसवला माझा मित्र उत्तम. गणपतीतल्या नाटकांचा आमचा प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला तर हा पठ्ठ्या नवंच वाक्य जुळवून द्यायचा, आणि टाळ्या त्यालाच पडायच्या!

धर्मापुरीची मंडळी आली. विहीणबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, खोक्यासमोर ऐसपैस बसल्या.

"आप्पा, ह्यो कावून पुठ्ठ्याचा हाय?"

"नमुना हाय ताई. लावा बोट."

बाईंनी बोट लावलं. शेजारी नवरीचे वडील वाचून दाखवत होते. खिडकीतल्या कागदावर आत्या आली. काकू आली. मग जीपचा ड्रायव्हर आला! बँडवाला आला! मामी आली, मावशी आली. विहीणबाईंचा पत्ताच नाही.

का? अहो, मी सगळी नाती अकारविल्हे लावली होती! बस्त्यात पहिला मान नवऱ्याच्या आईचा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मी पडलो डिप्लोमावाला!

"आप्पा!" विहीणबाईंनी पदर खोचला. "डायवर माज्या आदी? बँडवालाबी माज्या आदी? उटा रे समदे! बस्ता दुसरीकडं बांदू. आन् लग्नाचं बी मग बगू!"

नवरीचे वडील पांढरेफटक. आप्पा माझ्याकडं डोळे वटारून बघतायत. आणि मी काय करत होतो? मी गप्प! सरांनी सांगितलं होतं ना! उलट मी समाधानानं मान डोलवत होतो, की वा, इथं अडखळल्या!

"आन् ह्यो बगा, हसतोय वरून!" बाई माझ्यावर कडाडल्या.

तेवढ्यात खोक्यातून स्केचपेनची करकर ऐकू आली आणि खिडकीत नवाकोरा कागद आला. नवरीच्या वडिलांनी वाचला: 'बाकीच्यांना कपडे आम्ही निवडून दिले. विहीणबाईंना निवडून देणारे आम्ही कोण? त्यांनी अख्ख्या दुकानातून निवडावं.'

बाईंनी सावकाश बोट लावलं.

पुढचा कागद: 'पण आधी चहा.'

"लई समजदार हाय बाई ह्यो डबा!" विहीणबाई खुदकन हसल्या आणि पुन्हा बसल्या. तोवर उत्तमनं आतल्या आत सगळे कागद मानाच्या क्रमानं लावलेसुद्धा! काय सांगू, उत्तमला मी आजही मानतो. खोक्यात डोकं खुपसून, घामाघूम होऊन, नुसत्या एका स्केचपेननं मोडणारं लग्न सावरलं गड्यानं.

बस्ता बांधून झाला. विहीणबाईंनी खोक्याला हळदकुंकू लावलं आणि मागं वाकून म्हणाल्या, "भाऊ, या आता भाईर. पाय दिसाय लागलेत मघापासून." उत्तमला तिथल्या तिथं फेटा बांधला!

मंडळी गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आप्पा, पटलं का?"

"लई पटलं! उत्तमला उद्यापासून ठिवून घेतो दुकानात."

"आणि... माझं?"

आप्पा गादीवरच्या साड्यांच्या घड्या घालायला लागले. मी मुकाट्यानं खोकं उचलायला वाकलो.

"ए, हात नको लावू! कुंकू लागलंय त्याला. ऱ्हाऊ दे हितंच."

म्हणजे बघा, माझ्या कॉम्प्युटरमधलं आप्पांना सगळंच्या सगळं पसंत पडलं होतं. नको होतो, तो फक्त मी!