साबुदाण्याचा रणगाडा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसूच येतं. मग लाज वाटते. दोन्ही सांगते.

सीमेवर तणावाचे दिवस होते. आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात एक निवृत्त सुभेदार होते, साताऱ्याकडचे, मानसरोवर भागात घर घेतलेले, एका शाळेत सुरक्षेचं काम बघायचे. टीव्हीवरच्या युद्धतज्ज्ञांची नक्कल हा त्यांचा हातखंडा. त्यांनी जेवणाच्या टेबलावर डबे मांडून व्हिडिओ केला. साबुदाण्याचा डबा म्हणजे रणगाडा, लाटणं म्हणजे क्षेपणास्त्र. मंत्री येऊन रणगाड्याची फीत दोनदा कापतात, कारण पहिल्यांदा फोटोवाला चहाला गेलेला असतो. मग सुभेदार हिंदीत, घोगऱ्या आवाजात, सोमवारी पहाटे पाचला पश्चिमेकडून आगेकूच होणार असं जाहीर करतात आणि पिशवी उचलून दुधाच्या रांगेकडे निघतात. मी पोट धरून हसले. बहिणीलाही पाठवला.

कुणीतरी त्यातलं आगेकूचीचं वाक्य तेवढं उचललं, त्याला खऱ्या रणगाड्यांची चित्रं जोडली आणि सोडून दिलं. दोन दिवसांत ते गावभर झालं. मग आमच्या खबऱ्याचा फोन आला: आवाज ओळखीचा आहे, मानसरोवरचा रिटायर फौजी लष्कराची माहिती फोडतोय. मी तेव्हा मानसरोवर पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक. मराठी म्हणून थानेदार साहेबांनी चौकशी माझ्याकडेच दिली.

सुभेदारांनी भीतीपोटी मूळ व्हिडिओ पुसला होता. मंडळाचा ग्रुपही एका दुपारात साफ झाला होता. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय, मुरलेला गुन्हेगार उत्तर तयार ठेवतो, साधा माणूस घाबरून आधी पुसापुशी करतो. पण कागदावर त्याला पुरावा नष्ट करणं म्हणतात. सुभेदारांना ताब्यात घेतलं, फोन जप्त केला, पंचनामा झाला, जबाब सुरू झाला. लिहिणाऱ्या हवालदाराला मराठी येत नव्हतं. सुभेदार माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही तर पाहिलाय ना? साबुदाण्याचा डबा होता तो."

मी म्हणाले, "इथे मॅडम म्हणा."

पूर्ण व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता. तो दाखवायचा म्हणजे मी हसले, पुढे पाठवला, हेही सांगायचं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. खात्याची चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, या भीतीने मी दोन दिवस गप्प बसले. तेवढ्यात शाळेने त्यांना काढून टाकलं.

तिसऱ्या दिवशी फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब हसता हसता चष्मा पुसायला लागले, मग थांबून म्हणाले, "कब से है आपके पास?" मी खरं ते सांगितलं. सुभेदार त्याच दिवशी सुटले. कापाकापी करणारा पुढे सापडला, दूरच्या गावातला, व्ह्यूजसाठी काहीही जोडणारा. माझ्याकडून एका पानाचा लेखी खुलासा घेतला, बस. दोन दिवस ज्याला भ्याले ते एवढंच होतं.

शाळेने सुभेदारांना परत घेतलं नाही.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं ते साधं आहे. आम्ही मंडळातल्या सगळ्यांचे फोन मागितले. माझा कुणी मागितला नाही, म्हणून मीही दिला नाही.

पुढच्या गणपतीत मी स्वतः त्यांच्या घरी गेले, मंडळात नक्कल करा म्हणून. वहिनींनी चहा दिला. सुभेदारांनी खुर्ची पुढे केली, नीट विचारपूस केली, आणि म्हणाले, "या वर्षी राहू द्या, मॅडम."