एकाच पायाची पावलं

मी पर्चे लिहिते, म्हणजे लोकांत वाटायची पत्रकं. देवासला आमची लहानशी संघटना आहे. पेन्शन अडलेल्या म्हाताऱ्या, रेशनकार्डावरून नाव उडालेल्या बायका, असं आमचं काम. पर्चा हिंदीत असतो, वाक्य लहान असतं आणि दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं असतं. ती सवय इथेही पाळते. दोषी मी आहे.

मराठीत लिहितेय, कारण ही गोष्ट जिची आहे ती हिंदीत फक्त भाजीवाल्याशी आणि बँकेत बोलते. माझी शाळा हिंदी. मराठी मला घरात ऐकून आली, वाचून नाही. चुका होतील.

धारची काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत तिचं घर, खाली दोन खोल्या, वर एक. वरची खोली दादाची, म्हणजे तिच्या मुलाची. तो हैदराबादला असतो. काका सहा वर्षांपूर्वी गेले.

आमच्याकडे महालक्ष्म्या थोरल्या घरी बसतात, म्हणून मुखवटे धारला. भाद्रपदातले ते तीन दिवस सोडले तर त्या घरात आम्ही सगळे कधी एकत्र आलो असू, मला आठवत नाही. आई दारातून मुखवटा घेऊन यायची. काकू उंबऱ्याच्या आत उभी राहून विचारायची, "कोण आलं?" बाहेरून आई म्हणायची, "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." मग तिला घर दाखवायचं. प्रत्येक खोलीच्या दारात काकूचा प्रश्न, "इथे काय आहे?" आणि आम्हा सगळ्यांचं एकदम उत्तर. धान्याच्या डब्यांपाशी "अन्नधान्य उदंड आहे." कपाटापाशी "सोनंनाणं उदंड आहे." वरच्या खोलीत "लेकरंबाळं उदंड आहेत." त्या दिवशी कशालाच नाही म्हणायचं नाही, असा नियम. लहानपणी मी आणि दादा त्याचा फायदा घ्यायचो. "काकू, अजून एक करंजी आहे?" तिला "आहे" म्हणावंच लागायचं.

काका गेल्यावर नात्यातल्या एका बाईंनी खुसफुस केली, की आता हिने आत उभं राहून विचारणं बरं नाही, सवाष्णीने विचारावं. मी तेव्हा कॉलेजात होते. भर स्वयंपाकघरात भांडले. "नवरा गेला म्हणून जीभ गेली का तिची?" असं म्हणाले. आई कपाळाला हात लावून बसली, पण काकूनेच विचारलं. ती लढाई मी जिंकले. त्यामुळेच पुढची चुकले, असं आता वाटतं. एकदा बरोबर ठरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारून घ्यायची गरज वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी पूजेच्या दिवशी मी काकूला सोळा भाज्या चिरताना पाहिलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, आणि खाली बसायला गुडघा तयार नाही म्हणून ती उभ्यानेच सगळं करत होती. बाकी मंडळी पंख्याखाली. माझं डोकं फिरलं. परत जाताना बसमध्येच फॅमिली ग्रुपवर लांबलचक लिहिलं. सत्तरीच्या बाईला तीन दिवस राबवून घेता, याला भक्ती म्हणता? मुखवटे देवासला आणा, केटरर सांगा, काकूला पाहुणीसारखं बसवा.

दहा मिनिटांत सगळे तयार. अंगठेच अंगठे. दादाने लिहिलं, "बहुत सही बोली, छोटी." वर्षानुवर्षं ज्या घरात एका गोष्टीवर एकमत झालं नाही, तिथे दहा मिनिटांत! तिथेच मला कळायला हवं होतं. पर्च्यावर सरकारी माणूस लगेच हो म्हणाला तर आम्ही म्हणतो, बघा, यात त्याचा काय फायदा आहे. घरच्यांचा फायदा मी बघितला नाही. त्यांना धारला जाणं वाचत होतं.

काकूने ग्रुपवर फक्त जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मी ते होकार म्हणून मोजलं. फोन करून विचारलं नाही.

पहिल्या वर्षी ती देवासला आली. आमच्या हॉलमध्ये मुखवटे दिव्यांच्या माळेत बसवले होते. केटररचे डबे दुपारी आले. काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स धरून. दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली, दोनदा आईने तिला परत आणून बसवलं, "तुम्ही बसा हो, सगळं आलंय." खरंच सगळं आलं होतं. संध्याकाळच्या बसने ती गेली. मी तिला सोडायला गेले तेव्हा तिने विचारलं, "भाज्या किती होत्या गं?" मी म्हटलं, चार. ती "हं" म्हणाली.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या भाद्रपदात, ती आलीच नाही. गुडघा दुखतो, म्हणाली.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी मी तिरल्याजवळच्या एका गावात होते. म्हाताऱ्यांच्या पेन्शनची बैठक. आमच्या पर्च्यावर वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, "अपने पड़ोस का बंद दरवाज़ा खटखटाइए." शब्द माझेच. बैठक लवकर आटोपली. धारहून बसला अजून वेळ होता, तर म्हटलं काकूकडे चहा पिऊन जाऊ. झोळीत उरलेले पर्चे होते.

फाटक उघडं होतं. फाटकापासून दारापर्यंत कुंकवाची पावलं. मुठीची कड बुडवून उमटवतात तशी, वर बोटांचे पाच ठिपके. मी चप्पल वाचवत चालत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मग दिसलं. सगळी पावलं एकाच पायाची होती. पावलं दोन्ही मुठींनी काढतात, एक मूठ या पायाची, दुसरी त्या पायाची. इथे एकच मूठ होती. कुणीतरी एका पायावर उड्या मारत घरात शिरलं होतं, असं ते दिसत होतं.

आणि आतून आवाज आला.

"कोण आलं?"

मला वाटलं मलाच विचारलं. तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरा आवाज आला, थोडा खालचा. "महालक्ष्मी आली."

मला बरं वाटलं. माझी नजर खाली पावलांवरच होती; म्हटलं, कोणी शेजारीण आलेली दिसते.

"कशाच्या पावलांनी आली?"

मी दारापासून चार पावलांवर पोहोचले. दार सताड उघडं. आत काकू एकटी. विचारून झाल्यावर ती भिंतीला धरून, नजर पायाखाली ठेवून उंबरा ओलांडत होती. बाहेर येऊन दाराकडे तोंड, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, दम घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सोन्याच्या पावलांनी आली." मग परत उंबरा ओलांडून आत. पुढचा प्रश्न आतून. उत्तराला पुन्हा बाहेर. डाव्या हातात पाण्याचा तांब्या, तांब्यावर काजळाचे डोळे काढलेले, उजवी मूठ लालभडक. डावा हात रिकामा नव्हता, म्हणून पावलं एकाच पायाची.

गुडघा दुखतो म्हणून देवासला न आलेली बाई. मी तिथे उभी राहून मोजलं. सहा वेळा.

ती वळली तेव्हाच तिला मी दिसले.

"तू? चप्पल पावलांवर नको ठेवूस, ओली आहेत."

"काकू, हे काय चाललंय?"

"दिसतंय की. मीटिंगा संपल्या वाटतं तुझ्या."

"मुखवटे तर देवासला..."

"असू देत ना. माणसं तिथे आहेत, देव माणसांत बरा." तांब्यावरचं पुसट झालेलं काजळ तिने करंगळीने नीट केलं. "पण तिला कोणी सांगितलंय का घर बदललं म्हणून? तिच्याकडे पत्ता इथलाच. आली आणि कोणी विचारलंच नाही, तर दारातून परत जाईल बिचारी."

मी माफी मागायला लागले. ग्रुपवर लिहायच्या आधी तुला विचारायला हवं होतं, माझं चुकलं वगैरे.

"माफी पर्च्यात छाप. आता आलीच आहेस तर धर हा तांब्या. माझा गुडघा शिव्या घालतोय मघापासून."

मी बाहेर उभी राहिले, ती आत. या वेळी तिचा आवाज मोठा होता, शाळेत हजेरी घेत असेल तसा. मी उत्तरं दिली. मग घर दाखवायला निघालो. धान्याच्या डब्यांपाशी ती म्हणाली, "इथे काय आहे?" मी म्हटलं, "अन्नधान्य उदंड आहे." ओट्यावर एका ताटलीत भाज्या मांडलेल्या होत्या. एक भेंडी, एक तोंडलं, एक गिलकं, एक गवारीची शेंग, भोपळ्याची एक फोड. मोजल्या. सोळा. भाजीवाला काय म्हणाला असेल ते तिनेच सांगितलं. "'माताजी, एक भिंडी? भूनकर आधी-आधी खाओगे क्या?' मी म्हटलं, भिया, तू तोल तर खरं."

मी हसले. ती पण हसली. तेवढं एकच हसणं त्या संध्याकाळचं.

जिना चढायला तिला वेळ लागला. वरच्या खोलीत दादाचं अभ्यासाचं टेबल, त्यावर इस्त्री, खाली टीव्हीचं रिकामं खोकं, खिडकीला वर्तमानपत्र लावलेलं. पलंगावर चादर मात्र धुतलेली, कोपरे ताणून घातलेली. कोणीतरी आजच झोपायला येणार आहे अशी.

"इथे काय आहे?" काकूने विचारलं.

उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. मी खिडकीवरचं वर्तमानपत्र बघत राहिले.

"बोल की."

"काकू, कोण आहे इथे? कशाला खोटं बोलायचं?"

"आज नाही म्हणायचं नसतं."

"मग..." मला एकच खरं उत्तर सापडलं. "मी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाढा चुकलेल्या पोरीकडे बघावं तसं. "तू सातच्या बसने जाणार. महालक्ष्मी आख्ख्या वर्षाचं विचारते, बाई."

आणि मग माझ्यावर वेळ न घालवता, खोलीच्या आत एक पाऊल टाकून, बाहेरच्या त्या खालच्या आवाजात ती स्वतःच म्हणाली, "लेकरंबाळं उदंड आहेत." खोक्याने आणि इस्त्रीने ते ऐकून घेतलं. माझ्या हातातला तांब्या गार पडला होता, की मला तसं वाटलं, माहीत नाही. काजळाचे डोळे माझ्याकडे होते.

सातची बस मी सोडली. खाली येऊन ग्रुपवर लिहिलं, मुखवटे धारला परत आणायचे, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी इथे यायचं, स्वयंपाक सगळ्यांनी करायचा. या वेळी अंगठे आले नाहीत. तासाभराने दादाचा मेसेज. "छोटी, अभी सब सेट हो गया है. तूच तर म्हणाली होतीस ना." नंतर कोणाचा तरी केटररच्या जेवणाचा फोटो आला. मी वाद घातला नाही. माझीच वाक्यं माझ्यापुढे ठेवली होती, त्यावर काय वाद घालणार?

दुसऱ्या दिवशी त्या सोळा भाज्यांची मिळून एक वाटी भाजी झाली. तांब्याला नैवेद्य दाखवून आम्ही दोघींनी खाल्ली. भेंडी कुणाच्या वाट्याला आली ते कळलं नाही. देवासची बैठक बुडाली, मला बोलणी बसली. तिसऱ्या दिवशी काकूने तांब्यावर अक्षता टाकल्या, तो जागेवरून जरा हलवला आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी ये हो." तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. काजळ पुसलं, तांब्या ओट्यावर पालथा घातला.

मी झोळी उचलली तेव्हा मला म्हणाली, "तू गुरुवारी ये. पुरणाची डाळ उरलीय."

त्या गुरुवारी मी गेले. पुढच्याही. मग एका गुरुवारी मोर्चा होता, एका गुरुवारी बस चुकली, एकदा कारणही नव्हतं, थकले होते. फोन केला की ती म्हणते, "काही नाही गं, काम कर तू." भाद्रपद येईल तेव्हा मी धारला असेन. पण ते वर्षातले तीन दिवस झाले, आणि ती वर्षाचं विचारते.

देवासला मी आता आईबाबांकडे नाही, कामासाठी वेगळी खोली घेतली आहे. एकच खोली, एकच कुलूप. ज्या गुरुवारी मी धारला जात नाही, त्या संध्याकाळी कुलूप काढून दार ढकललं, की आतल्या अंधारातून काकूचा तो हजेरीचा आवाज येतो, "इथे काय आहे?" मी उंबऱ्याच्या बाहेर थांबते. दिव्याचं बटण आत आहे. आत जायचं तर उत्तर द्यावं लागेल, आणि नाही म्हणायचं नसतं.