इर्मेलीने फोन कसा निवडला

इर्मेलीसारखी डूख धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी कौतुकाने लिहिते आहे. लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. ज्यांचं काही गेलेलं नसतं ते असं म्हणतात.

आम्ही दोघी एकोणीस वर्षं फोनच्या फॅक्टरीत शेजारी शेजारी बसलो. मी झाकणं बसवायची, ती आवाज तपासायची. तिचा कान असा, की फोन टेबलावर नुसता थरथरला तरी आपला की परका हे ती न बघता सांगायची. ह्या नदीकाठच्या गावात तेव्हा दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी तिथे कामाला होतं. एस्को आमचा विभागप्रमुख. आमच्याकडे साहेबालाही नावानेच हाक मारतात, अरे-तुरेच करतात, त्यामुळे हा आपल्यातलाच असं वाटत राहतं. त्याच्या तोंडात तर साखरच होती.

फॅक्टरी बंद पडली त्याच्या आदल्या ऑक्टोबरात, एका शुक्रवारी, तो आमच्या लाइनपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आपला फोन मी स्वतः रोज वापरतो. त्या बाहेरच्या कंपन्यांना हा पुरून उरेल. उद्या शनिवारी येऊन एवढी ऑर्डर काढलीत तर फॅक्टरी वाचली म्हणून समजा."

इर्मेलीची आई तेव्हा पोरी शहरातल्या हॉस्पिटलात होती, गाडीने दोन तासांवर. बहिणीचा सकाळीच फोन आला होता, लगेच निघ म्हणून. इर्मेलीने एस्कोला तसं सांगितलं.

"रविवारी जा ना," तो म्हणाला. "तुझ्या कानाशिवाय माल बाहेर पडत नाही. माझा ह्या फोनवर विश्वास आहे. तुझा नाही का?"

ती थांबली. शनिवारी दुपारी तीन वाजता आई गेली. बहिणीने नंतर सांगितलं, दार वाजलं की ती दर वेळी इर्मेली आली का विचारत होती. इर्मेली त्या वेळी एकेक फोन कानाला लावून तपासत होती.

पुढच्या उन्हाळ्यात फॅक्टरी बंद झाली. एस्को आमच्या नावांची यादी वाचत असताना त्याच्या कोटाच्या खिशात काहीतरी थरथरलं. इर्मेलीने माझं मनगट धरलं.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"मग काय झालं? आता कोण कोणाचा वापरतंय, काय फरक पडतो?"

"कधी घेतला, एवढंच मला कळायला हवं. त्या शनिवारनंतर घेतला असेल, तर तोही आपल्यासारखाच फसला. आधी घेतला असेल, तर त्याने खोटं बोलून माझ्या आईकडून मला काढून घेतलं. मग मी त्याला सोडणार नाही, हिल्का."

अकरा वर्षं हा एकच प्रश्न तिने पोटात ठेवला. सरळ विचारून खरं सांगणारा तो माणूस नव्हता.

ह्या अकरा वर्षांत तिने दुसरा फोन घेतला नाही. आमच्याच फॅक्टरीतले पाच तिच्या खणात होते, एक बिघडला की ती दुसरा काढायची. मग गेल्या हिवाळ्यात पत्र आलं, जुनं नेटवर्क बंद होतंय, हा फोन आता चालणार नाही. झालं, सगळे तिला शहाणपण शिकवायला धावले. भाची म्हणाली, आयफोन घे, एकदा घेतला की पुढची कितीतरी वर्षं बघायला नको. मी म्हटलं, अगं तुझी पेन्शन केवढी, अँड्रॉइड घे, माझा निम्म्या किमतीत आला. बँक, दवाखाना, बसचं तिकीट, सगळं त्यावर होतं. इर्मेलीने एका कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन्हीकडे गुण-दोष लिहायला लागली. दोन आठवडे तो कागद तिच्या फ्रीजवर होता आणि दोन्ही बाजू सारख्याच भरत होत्या.

"वाचनालयात जाऊन विचार ना," मी कंटाळून म्हटलं. "दर बुधवारी पेन्शनर संघाची दोन टेबलं असतात. अँड्रॉइडच्या टेबलावर शाळेतली उल्ला शिकवते. आयफोनच्या टेबलावर एस्को. त्याला तेवढा एकच येतो."

तिने फ्रीजवरचा कागद काढला आणि घडी करून कचऱ्यात टाकला.

त्या बुधवारी एस्कोच्या टेबलाभोवती नऊजण होते, त्यातले सात फॅक्टरीतले. थर्मासमधली कॉफी, दालचिनीचे बन, आणि मधोमध हा, सगळ्यांचा लाडका. मी उल्लाच्या टेबलावर बसले, हाताच्या अंतरावर. मला एक शब्दही चुकवायचा नव्हता.

"अरे वा, इर्मेली! किती वर्षांनी. बस, कॉफी घे."

तिने जुना फोन त्याच्यासमोर ठेवला. "हा जाणार आता. कुठला घेऊ?"

"हे काय विचारणं झालं?" तो हसला. "अँड्रॉइड वाईट नाही हं, उल्लाला राग यायचा. पण त्यात शंभर तऱ्हा. आपल्या वयात एकच सोपी गोष्ट शिकावी आणि डोकं शांत ठेवावं."

"महाग आहे रे. टिकतो का तरी? की तूही हल्लीच घेतलायस?"

"हल्ली?" त्याला ते लागलंच. "अगं, ह्या गावात माझ्याइतकं जुनं गिऱ्हाईक सापडणार नाही. माझ्या साठीला मुलगी लंडनहून घेऊन आली. त्या दिवसापासून दुसरा फोन हातात धरला नाही बघ मी."

एस्कोच्या साठीचा केक आम्ही सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये खाल्ला होता. स्ट्रॉबेरीचा, दोन्ही पाळ्यांना पुरला होता. विसरण्यासारखा नव्हताच तो.

"म्हणजे मे महिन्यात," इर्मेली म्हणाली.

"हो, मेमध्ये."

"आणि माझी आई गेली ऑक्टोबरात. त्याच वर्षी. तू शनिवारी थांबवलं होतंस तेव्हा."

इतका वेळ फोनवर फिरणारं एस्कोचं बोट तसंच वर राहिलं. आमच्याकडे अशा वेळी कोणी आरडाओरडा करत नाही. सातजण उठले, अर्धवट कॉफीचे कप त्यांनी धुऊन जागेवर ठेवले, कोट चढवले आणि गेले. त्या सगळ्यांनी तो शनिवार भरला होता. उरलेल्या दोघांना काही कळलं नव्हतं, पण तेही गेले. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. घरी जाऊन मी दोन बन खाल्ले.

मला वाटलं, वचपा निघाला, संपलं. दुसऱ्या दिवशी मी तिला दुकानात घेऊन गेले. अँड्रॉइड मी आधीच बघून ठेवला होता. ती त्याच्याकडे बघेचना. सरळ आयफोन मागितला.

"वेड लागलं का?" मी म्हटलं. "दुप्पट पैसे. आणि कालच्यानंतरही त्याच्याच हातात असतो तो घेणार?"

"फोनने माझं काय केलंय? आणि अँड्रॉइड घेतला तर उल्लाच्या टेबलावर बसावं लागेल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एस्कोने संघाला मे अखेरपर्यंत शब्द दिलेला होता, आणि एक जरी शिकणारा आला तरी टेबल मांडायचं असा संघाचा नियम आहे. मधेच सोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण आता गावाला माहीत होतं.

तेव्हापासून दर बुधवारी दहा वाजता ती त्याच्यासमोर जाऊन बसते. दुसरं कोणी त्या टेबलाकडे फिरकत नाही. ती शिव्या देत नाही, टोमणा मारत नाही. दर वेळी एक गोष्ट विचारते, आवाज कसा कमी करायचा, अक्षरं मोठी कशी करायची, आणि बारा वाजेपर्यंत उठत नाही. तो दोन महिन्यांत वाळला आहे.

गेल्या बुधवारी त्याने मान खाली घालून विचारलं, "किती दिवस येणार आहेस, इर्मेली? तुला सगळं येतं आता."

"तू माझा शनिवार घेतलास. मी तुझे बुधवार घेते."

"मी चुकलो. मला खरंच वाटत होतं की..."

"ते राहू दे. आज फोटो कसा पाठवायचा ते दाखव."

त्याने चष्मा लावला. "कोणाला पाठवायचाय?"

"जिला पाठवायचा ती आता नाही," इर्मेली म्हणाली. "तू शिकव."

आणि त्याने शिकवलं.