पत्र्याच्या पेटीवरला किडा

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी पडद्यावर एक फोटो दाखवते. झाडाच्या चिकात अडकून, चिकासकट दगड झालेला एक किडा. ज्वारीच्या दाण्याहून लहान, पाय पोटाशी घेतलेले, उताणा पडलेला. माणूस जगात नव्हता तेव्हाचा आहे, असं मी सांगते आणि मागच्या बाकावरच्या पोरी जांभया देतात.

टक असा आवाज करणाऱ्या किड्यांचं खानदान मोठं. त्यांच्या भावकीत हे एक अगदी बारक्यांचं घराणं, काही जिवंत, काही असे चिकातले. उताणा पडला की हा किडा छातीखालचा काटा खाचेच्या काठावर टेकवून ताण देतो. काटा झटकन आत घसरला की टक वाजतं, किडा उडतो आणि जमलं तर पायांवर येतो.

यंदा एका पोरीनं विचारलं, "मॅडम, हा पडलेलाच राहिला का?"

"व्हय," मी म्हणाले. वर्ग खिदळला, कारण वर्गात मी गावाकडचं बोलत नाही. मला हसू आलं नाही. अलीकडं मला काहीच येत नाही, ना हसू ना रडू. हजेरी घेतली आणि बाहेर पडले.

आमचं घर साखरा गावचं. वडलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर मेंढरं-शेरडं राखली. जीभ टाळूला लावून टक केलं की अख्खा कळप मान वर करायचा. मागच्या साली त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, ते टक तेवढं राहिलं. मग घरात ठरलं की एकदा टक म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे न्हाई. वहिनी विचारायची, "आबा, भाकर दुधात कुस्करू का?" टक. "उन्हात खाट टाकू?" टक, टक. एवढ्यावर घर चालत होतं.

मला त्यांना हिंगोलीला माझ्याकडं आणायचं होतं. डॉक्टर जवळ, हातापायाचा व्यायाम करून घेणारा माणूस घरी येतो, हे सगळं मी दादाला फोनवर दहादा सांगितलं. शिकलेली, त्यात मास्तरीण, माझं तोंड थांबतंय होय! खरं कारण निराळंच होतं. लेक हिंगोलीत पगार घेते अन् बाप खाटेवर कुजून राहिला, असं भावकीतलं कोणीतरी बोललं होतं आणि ते मला झोंबलं होतं.

दादा म्हणाला, "आबाला इचार. ते म्हनतीन तसं."

आमच्यात ही रीतच होती. आबांना विचारल्याबिगर काही ठरायचं नाही, आणि विचारायचं ते दोन्ही लेकरांच्या समोर.

मी सुट्टी काढून गेले. सकाळची वेळ, दादा दारात उभा, शेरडं अजून अंगणातच. मी खाटेशी बसले. उशाला आबांच्या कपड्यांची पत्र्याची पेटी होती.

"आबा, माझ्याकडं येता का? हिंगोलीला?"

आबा अंगणाकडं बघत राहिले.

"तकलीफ व्हनार न्हाई तुमाला. येता ना?"

काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं आणि टक वाजलं.

पेटीवर किडा उताणा पडला होता. त्या टकासरशीच तो माझ्या डोळ्यांदेखत उडाला आणि परत उताणाच पडला. आबांचे ओठ मिटलेले होते. जी बाई वर्षानुवर्षं हेच किडे शिकवते तिला आवाज कोणाचा ते कळू नये? कळलं होतं. बराबर कळलं होतं.

मी दादाकडं वळून म्हणाले, "व्हय म्हनले."

दादानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि गाडी बघायला गेला.

माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. रोज सकाळी, कळप सोडायच्या वेळेला, आबा टक टक सुरू करायचे. एक नाही, दोन नाही, मोजता येऊ नये इतकं. मग दमून झोपायचे. महिन्याभरानं एकदा मी विचारलं, "आबा, साखऱ्याला जायचं का?"

टक. एकदाच, स्वच्छ. डोळे माझ्यावर.

"माझे पेपर तपासून होऊ द्या, मग जाऊ," मी म्हणाले. पेपर तपासून व्हायच्या आधी आबा गेले. शेवटचा गठ्ठा मी नंतर तपासला, एकाही पोराचा मार्क चुकला नाही. मला स्वतःची किळस यायला पाहिजे होती. तीही आली नाही.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. दादा आणि मी अंगणात बसलो होतो. शेरडं उन्हात रवंथ करून राहिली होती. मी एका दमात सांगून टाकलं, "दादा, आबा व्हय म्हनलेच नव्हते. पेटीवर किडा व्हता."

वाटलं होतं, मारेल, निदान शिव्या घालेल. त्यानं काडीनं जमीन उकरली.

"म्याबी पाह्यला व्हता," तो म्हणाला. "आबाचं टक मला वळखू येत न्हाई का गं, बाई? जल्मभर ऐकलं."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

"रोज उचलून धुवायचं, कूस बदलायची. पाठ गेली व्हती माही. तू व्हय म्हनलीस अन् मला लई बरं वाटलं." त्यानं काडी टाकून दिली. "दोघंबी त्यायच्याच समोर व्हतो. तुहं व्हय त्यायनंबी ऐकलंच आसंल की."

दादा उठला, काठी घेतली आणि जीभ टाळूला लावून टक केलं. सगळी शेरडं उठून उभी राहिली आणि त्याच्या मागं चालू लागली.