मशिनीवरचं हळदकुंकू

निवृत्त झालो, तरी ते प्रकरण आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन चकरा मारतो.

तेव्हा मी उत्तर नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदारापुढे चाळिशीची एक बाई उभी होती. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. एका शाळेची मोठी ऑर्डर मिळाली होती, पण आठवडाभरात आणखी दोन मशिनी आल्या नाहीत तर ती ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार होती. कर्जासाठी बँकेत गेली तर कळलं, तिच्या नावावर आधीच मशिनीचं कर्ज आहे आणि हप्ते थकलेत.

"मी कर्ज घेतलंच नाही साहेब. मंग फेडू काहून?"

खरं सांगतो, मी मनात हसलो. बायकोच्या नावावर नवऱ्याने परस्पर पैसे उचलायचे, हे मी नोकरीत खूप पाहिलं होतं. तिला बाकावर बसवलं आणि ऑटो चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. बँकेतून कर्जाची फाइल त्याच दिवशी आली, तीही त्यालाच दाखवली. तीन दिवस त्याची विचारपूस केली. तो एकच सांगे, "धंदा तिचा आहे साहेब. मले त्यातलं काही समजत नाही. तिलेच विचारा ना." मला वाटलं, गडी पक्का आहे.

चौथ्या दिवशी ती बाई सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"तीन दिवस झाले, बाकावर बसून राहिली मी. मले तं कोणी काही विचारूनच नाही राहिलं."

मी चिडूनच फाइल तिच्यापुढे सरकवली. आधार कार्डाची प्रत तिचीच होती. मग 'अर्जदाराच्या घरी बसवलेली मशीन' असं खाली लिहिलेला फोटो आला आणि तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे मशीन माही नोय. चाकावर हळदकुंकवाची बोटं पाहा, दसऱ्याची पूजा केलेली आहे. आम्ही बौद्ध आहो साहेब. दसऱ्याले आम्ही दीक्षाभूमीवर राहतो. आमच्या घरी मशिनीले हळदकुंकू कोण लावते?"

आधारची प्रत कोणाला दिली होती, असं मी तिला विचारलं. महिलांना कर्ज मिळवून देतो म्हणून वस्तीत कागदपत्रं गोळा करणारा एक एजंट होता. तिनेही मागे दिली होती. अर्ज नामंजूर झाला, असं त्याने तिला सांगितलं होतं. त्याने बँकेत दिलेल्या बाकी फायली मी मागवल्या. आणखी चार बायकांच्या 'घरी' तीच मशीन, चाकावर तीच पाच बोटं.

एजंटला ठाण्यात आणलं, तो तासभर "कागदं बरोबर आहेत" एवढंच म्हणत राहिला. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. टेबलावरचे फोटो पाहून म्हणाली, "अहो, हे तं माही मशीन आहे. याचा फोटो कधी काढला तुम्ही?" त्याने मान खाली घातली. मग कबूल केलं, कर्जाचे पैसे त्यानेच उचलले होते. पंचांसमक्ष मशीन जप्त केली.

ते सांगायला मी स्वतः त्या बाईच्या घरी गेलो. ती जुन्या मशिनीवर ब्लाउज शिवत होती. शाळेची ऑर्डर आदल्याच दिवशी दुसऱ्याला गेली होती. बँकेतही तिला पहिला प्रश्न 'मिस्टर काय करतात' हाच विचारला होता म्हणे. मी तरी वेगळं काय केलं? धंदा तिचा, थकबाकीदार म्हणून नाव तिचं, आणि विचारायचं मात्र नवऱ्याला. त्यानंतर माझ्या ठाण्यात तक्रार जिची, फाइल आधी तिच्यापुढे, असा नियमच केला. पण तिला त्याचा काय उपयोग?

"तुमचं नाव साफ होईल," मी म्हणालो. तिने मशीन थांबवली.

"तो फोटो पहिल्याच दिवशी आला होता ना साहेब?"

"हो."

"मंग मले तवाच दाखवला असता तं?"