आरशावरचा टॉवेल

नोकरी सुटल्यावर जयवंतीबाईंनी घर घेतलं नाही, रुग्णवाहिका घेतली. जव्हारचा एक खाजगी दवाखाना बंद पडला आणि त्याचं सामान लिलावात निघालं, खाटा, कपाटं आणि ही गाडी. मुलाने वसईहून फोन करून विचारलं, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?" बाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं नर्स म्हणून पाड्यापाड्यांवर बदल्या झाल्या तेव्हा कुणी विचारलं नाही. आता स्वतःच्या मर्जीने फिरते, तर लगेच तब्येत आठवली."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, बाईंचं चार चाकांवर. आत फळीचा पलंग, गॅसची लहानशी शेगडी, पाण्याची टाकी, देवाचा एक फोटो. बाहेरून गाडीला पिवळा रंग दिला. पण रंगाऱ्याने हात आखडता घेतला असणार, कारण गाडी ओली झाली की दारावरची जुनी लाल फुली रंगाखालून वर यायची. रस्त्याने जाणाऱ्या बायका ती पाहून लेकरांना कडेला ओढायच्या. बाईंना त्याचं काही वाटत नसे. निदान त्या तसं सांगायच्या.

गाडीत राहणाऱ्यांची म्हणून एक भावकी असते. वर्षभर जो तो आपल्या वाटेने हिंडतो, पण थंडी पडली की आठ-दहा गाड्या कच्छच्या वाळवंटात जमायच्या. पांढऱ्या मिठाच्या काठावर गाड्यांचं रिंगण करायचं, मधे शेकोटी, आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपापला एक पदार्थ घेऊन यायचं. कोण कुठला, काय करत होता, मुलं का बोलत नाहीत, हे सगळं त्या शेकोटीला ठाऊक असायचं. दिवसा मात्र कुणी कुणाच्या दारात डोकावायचं नाही. दार बंद म्हणजे माणूस आपल्या घरात आहे, एवढंच समजायचं.

हा शहाणपणा एका वर्षी अंगाशी आला. इंदूरहून आलेले एक निवृत्त गृहस्थ अर्धांगाचा झटका येऊन गाडीत पडले होते, आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. भोवती दहा गाड्या, पंचवीस माणसं, त्यांच्या दारावरून रोज पाण्याला येणं-जाणं. ते वाचले, पण वाचा गेली. त्या दिवशी जयवंतीबाईंनी नियम घातला. सकाळी उठलं की बाहेरच्या आरशावर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की माणूस धड आहे. नऊपर्यंत दिसला नाही, तर शेजाऱ्याने दार ठोठावायचं, आणि दार उघडलं नाही तर फोडायचं. बाई तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना डोस पाजत आलेल्या, त्यांच्या शब्दाला कोण नाही म्हणणार?

त्यांचा शेजारी दरवर्षी एकच असायचा, हेमराज. मोखाड्याकडचा माणूस, एसटीचा ड्रायव्हर, बायको वारल्यावर फंडाच्या पैशातून जुना टेम्पो घेऊन त्याने त्याचं घर केलं होतं. वाळवंटातली धूळ त्याला सहन होत नसे, म्हणून टेम्पोच्या दाराखिडक्यांना त्याने स्वतःच्या हाताने रबर लावलं होतं. "बाई, आत मुंगी शिरायची नाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दार दाबून दाखवायचा. तो त्यांना बाई म्हणायचा, त्या त्याला डायवर. दोघांत एवढंच नातं होतं आणि ते पुरेसं होतं, असं दोघंही समजून चालले होते.

यंदा वाळवंटात जायचं नाही, आमच्याकडे चला, असं बाईंनीच सगळ्यांना सांगितलं. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला, बाईंच्या नोकरीच्या दिवसांपासून ओळखीच्या भागीआजीचा माळ होता. पावसाळ्यात हिरवागार, आणि पौष आला की नुसता काळा दगड आणि वाळकं गवत. "चार महिने पूर, आठ महिने वाळवंट. आमचं वाळवंट घरपोच आहे," बाई म्हणाल्या. तीनच गाड्या आल्या, बाईंची, हेमराजची आणि ठाण्याच्या सुदर्शन-करिष्माची. हे तरुण जोडपं संगणकावर नोकरी करायचं आणि जिथे फोनला रेंज मिळेल तिथे संसार थाटायचं.

पहिल्याच दिवशी भागीआजी गाड्या बघायला आली. तिने हेमराजच्या टेम्पोच्या पत्र्यावर हात फिरवला, दार ओढलं, सोडलं. दार बसताना हवा दाबल्याचा आवाज झाला. आजीने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तिचं तोंड उतरलं.

"याला फट नाय?" तिने विचारलं.

"फट कशाला पायजे आजी? वारा येतो."

"आमच्या कुडाला बोट जाईल एवढ्या फटी. वारा येतो तसा जातो पण. यातून जायाचं कुठनं?"

हेमराज हसला. बाईही हसल्या. पण जाता जाता बाईंनीही ते दार एकदा ओढून, लावून पाहिलं.

माळावर थंडी अशी, की दहिवराने सकाळी गवतातून चाललं तर कपडे गुडघ्यापर्यंत भिजायचे. वाळवंटात कोरडी थंडी होती, ही ओली होती, हाडात मुरणारी. हेमराज मात्र खुलला होता. इथलंच त्याचं लहानपण. असल्याच कारवीच्या कुडाच्या घरात तो जन्मला, शेकोटीशेजारी वाढला. भागीआजीशी तो आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागला की बाईंना निम्मं कळायचं नाही. कच्छमध्ये तीन थंड्यांत त्याने गाडीत कधी आगीचं नाव काढलं नव्हतं. इथे चौथ्याच संध्याकाळी आजीने त्याला घमेलंभर निखारे दिले, वरून राख लोटलेले, आणि त्याने ते पोर घ्यावं तसे दोन्ही हातांनी घेतले.

बाईंनी वाटेतच अडवलं. "डायवर, ते बाहेर ठेवा. बंद गाडीत विस्तव नाही न्यायचा. मी नर्स आहे, थट्टा करत नाही."

"बाई, जल्मलो तो इस्तवाशेजारी. आमची म्हातारी रातभर उशाशी ठेवायची. साठ वरसं काय नाय झालं."

"तुमच्या म्हातारीच्या कुडाला फटी होत्या."

"नाय नेत. झालं?" त्याने घमेलं दगडावर ठेवलं.

बाईंनी ते तिथेच विझेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचाच राग आला. आपण काय याची आई आहोत?

खरी कुरबूर निराळीच होती. बाई सहाला उठणाऱ्या. बाळंतपणं कधी घड्याळ बघून झाली नाहीत, तेव्हापासून झोप कायमची पातळ झालेली. हेमराजचं उलटं. आयुष्यभर पहाटे चारची पहिली गाडी काढली, आता आठशिवाय डोळा उघडायचा नाही. म्हणजे रोज दोन तास बाई खिडकीतून त्याच्या रिकाम्या आरशाकडे बघत बसायच्या. हातातला चहा गार व्हायचा. आठ वाजता टॉवेल आला की त्या कामाला लागायच्या.

सातव्या संध्याकाळी शेकोटीभोवती त्यांनी ते बोलून टाकलं. दिवस नुकता मावळला होता, करिष्मा नागलीची भाकरी थापायला शिकत होती आणि भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे होत होते.

"डायवर, तुमच्या टॉवेलपायी माझ्या जिवाला घोर. सहापासून डोळे लावून बसते. एक दिवस सुखाने झोपू द्याल का?"

"मग बघता कशाला?"

"बघितल्याशिवाय राहवत नाही म्हणून बघते," बाई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांना वाटलं, हे जरा जास्तच झालं.

सुदर्शनने भाकरीत मान घातली. हेमराजने शेकोटीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "उद्या झोपा तुम्ही. देतो झोपू."

"म्हणजे आठाऐवजी नऊला उठाल. जित्याची खोड..." बाईंनी म्हण अर्ध्यावर सोडली. पुढचं बोलणं बरं नाही, असं त्यांना वाटलं. वाऱ्याने शेकोटी एका बाजूला झोपली, आणि त्या दिवशी सगळे शेकोटीवरून लवकर उठले.

सकाळी सहाला सवयीने जाग आली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं, चांदणं होतं. बाईंनी खिडकीच्या काचेवरची वाफ पुसली आणि पाहिलं. हेमराजच्या आरशावर टॉवेल होता, हिरव्या काठाचा, नेहमीचाच. बाईंना हसू आलं. माणसाने माझ्यासाठी एवढ्या थंडीत पहाटे उठून टॉवेल टाकला, एवढं कुणी त्यांच्यासाठी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढली. आणि त्यांना झोप लागली, गाढ, पोरीबाळींना लागते तशी.

डोळा उघडला तेव्हा ऊन आत आलं होतं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. अंग हलकं झालं होतं. त्या पाय खाली सोडून बसल्या, आणि समोर खुंटीवर त्यांना स्वतःचा टॉवेल दिसला. आज तो बाहेर गेलाच नव्हता. नऊ होऊन गेले होते.

मग हेमराजने दार कसं ठोठावलं नाही?

बाई चप्पल न घालता उतरल्या. माळावर दहिवर चमकत होतं, त्यांच्या गाडीची सावलीकडची बाजू निथळत होती, आणि दारावरची लाल फुली कालच काढल्यासारखी ठसठशीत दिसत होती. सुदर्शन आपल्या दारात दात घासत उभा होता. "काकू, आज आराम? काकांचा टॉवेल दिसला, म्हटलं ते बघतील तुमच्याकडे..." बाई थांबल्या नाहीत. टेम्पोजवळ गेल्या आणि त्यांनी आरशावरच्या टॉवेलाला हात लावला.

तो चिंब होता. पिळला असता तर पाणी पडलं असतं. सकाळी टाकलेला टॉवेल असा भिजत नाही. तो रात्रभर बाहेर होता. झोपायला जाताना, बाईंना सुखाने झोपता यावं म्हणून, त्याने तो आदल्या रात्रीच टाकून ठेवला होता.

दार आतून लावलेलं होतं. सुदर्शनने पहारीने ते उचकटलं तेव्हा रबर चामड्यासारखं ताणलं गेलं आणि मग एकदम सुटलं. आत ऊब होती. पलंगाच्या उशाशी घमेलं, त्यात राख. हेमराज कुशीवर निजलेला, हात गालाखाली. गाल लालसर झाले होते. इतका तरतरीत तो बाईंना कधीच दिसला नव्हता, आणि ती तरतरी बंद जागेतल्या निखाऱ्यांच्या विषारी वायूची असते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. चौतीस वर्षांत असे किती हात धरले असतील. कळायला क्षणभरही लागला नाही.

तरी त्या म्हणाल्या, "उचला. माझ्या गाडीत ठेवा."

"काकू..." करिष्मा रडत होती.

"डॉक्टरनं सांगेपर्यंत माणूस गेलेला नसतो. मी लोकांना हेच सांगत आले. उचला."

फळीच्या पलंगावर त्याला निजवलं. ठाण्याची दोन पोरं त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसली. बाईंनी गाडी काढली. माळावरून उतरताना भागीआजी बांधावर उभी दिसली. काल संध्याकाळी सगळे उठल्यावर हेमराज तिच्या घरी निखारे मागायला गेला होता, हे तिने नंतर सांगितलं. आता तिने फुलीकडे पाहिलं आणि हात जोडले. मोखाड्यापर्यंतच्या रस्त्यावर बायका लेकरांना कडेला ओढत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंना त्याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्या हॉर्न वाजवत राहिल्या.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं. पहाटेच्या आधीच, म्हणाला. म्हणजे बाईंनी सहाला खिडकीतून पाहिलं तेव्हाही उशीर झालेला होता. डॉक्टरला वाटलं, हे ऐकून त्यांना धीर येईल.

पोलिसांचे जबाब झाले, भाऊबंदांना निरोप गेले. बाई हेमराजच्या टेम्पोतली कागदपत्रं आणायला माळावर परतल्या तेव्हा तीन वाजले होते. ऊन रणरणत होतं. त्यांची गाडी वाळून पुन्हा नुसती पिवळी झाली होती, फुलीचा मागमूस नव्हता. टेम्पोचं दार उचकटलेलं, वाऱ्याने उघडझाप करत होतं. कागद घेऊन बाहेर पडताना त्यांचं आरशाकडे लक्ष गेलं.

टॉवेल खडखडीत वाळला होता आणि वाऱ्यावर हलत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या त्यांच्या गाडीवाल्या भावकीतल्या कुणीही तो पाहिला असता, तर म्हणाला असता, डायवर धड आहे, आणि पुढे गेला असता.